रेसच्या गाडीचं फ्लायव्हील: कंपनीचं ठेवावं की हलकं बसवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १३०० सीसीची जुनी एस्टीम तुम्ही क्लबच्या शर्यतींसाठी तयार करताय. ती कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पळवणार आहात. इंजिन खाली उतरवलेलंच आहे. मेकॅनिक म्हणतो, कंपनीचंच फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक, लेथवर घालून अडीच किलो उतरवून देतो. दुकानदार साडेतीन किलोचं ॲल्युमिनिअमचं दाखवतोय. तिसरा एक मित्र सांगतो की हातच लावू नकोस, सुटताना गाडी बंद पडेल. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या नियमांत बसत असेल तर अखंड स्टीलमधून कापलेलं, साडेचार किलोच्या आसपासचं फ्लायव्हील घ्या. ॲल्युमिनिअमचं तुम्हाला नको. आणि कंपनीचं बिडाचं फ्लायव्हील लेथवर उतरवायचा बेत आजच सोडून द्या, अगदी फुकट करून देत असले तरी.

आता कारणं. फ्लायव्हील कशाला असतं हे ज्यानं विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन हँडल मारून सुरू केलंय त्याला सांगावं लागत नाही. एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एकदा स्फोट, आणि मधल्या दीड फेऱ्या इंजिनाला पुढे रेटतात ती बाजूची दोन अवजड चाकं. ती नसती तर पहिल्याच कॉम्प्रेशनला इंजिन थांबलं असतं. तुमच्या चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला स्फोट होतो, त्यामुळे एवढ्या जडपणाची गरज नाही. तरी कंपनी सात किलोचं फ्लायव्हील देते. एसी चालू असताना ८०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) इंजिन गुळगुळीत चालावं, नवशिक्यानं क्लच सोडला तरी गाडी बंद पडू नये, गिअरबॉक्समधून खडखड येऊ नये, यासाठी. शर्यतीत यातलं काहीच लागत नाही. म्हणून हलकं करण्याला अर्थ आहे. प्रश्न किती आणि कुठून हा आहे.

यात सगळे किलो विचारतात, आणि तिथेच चुकतात. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा वजनावर असतो आणि ते वजन मध्यापासून किती लांब आहे याच्या वर्गावर असतो. मध्यापासून ११ सेंटिमीटरवरचे अडीच किलो काढले तर जेवढा फरक पडतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी फरक ६ सेंटिमीटरवरचे अडीच किलो काढून पडतो. दोन्ही फ्लायव्हील तराजूवर सारखीच भरतील. मध्यभागी भोकं पाडून ‘हलकं’ म्हणून विकलेली फ्लायव्हील मी पाहिली आहेत. क्रँकच्या बोल्टांजवळचं, म्हणजे जिथे ताकद हवी तिथलंच धातू काढलेलं, आणि कडेची जाड रिम तशीच ठेवलेली. असं फ्लायव्हील कमजोर झालेलं असतं आणि गाडीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

विकत घेण्याआधी हा जडपणा घरी मोजता येतो, आणि तुम्ही तो मोजावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. फ्लायव्हीलच्या एकाच वर्तुळावरच्या, सारख्या अंतराच्या तीन भोकांतून तीन बारीक तारा घ्या, प्रत्येकी बरोबर दीड मीटर लांब. वर तेवढ्याच वर्तुळावर बांधा, म्हणजे तारा सरळ उभ्या राहतील आणि फ्लायव्हील आडवं लटकेल. पाण्याच्या लेव्हलनं पातळी बघा. मग हातानं अगदी थोडं पिळून सोडा, दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त नको. ते डावी-उजवीकडे हळू हेलकावे घेत राहतं. वीस पूर्ण हेलकाव्यांचा वेळ स्टॉपवॉचवर घ्या आणि वीसनं भागा. दीड मीटरच्या साध्या लंबकाचा एक हेलकावा २.४६ सेकंदांचा असतो. तुमच्या वेळेला २.४६ नं भागून तारांच्या वर्तुळाच्या त्रिज्येनं गुणलं की वजन सरासरी कुठे बसलंय ती त्रिज्या मिळते. समजा तारा १२ सेंटिमीटर त्रिज्येवर आहेत आणि वीस हेलकाव्यांना ४१ सेकंद लागले. एक हेलकावा २.०५ सेकंदांचा, म्हणजे त्रिज्या १० सेंटिमीटर. फ्लायव्हील सात किलोचं असेल तर जडपणा ७ × ०.१ × ०.१, म्हणजे ०.०७ किलो-चौरस मीटर. दुकानदाराकडचं जे काही आहे तेही असंच टांगून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा खूप जास्त सांगून जातं.

आता या जडपणाचा गाडीवर किती भार पडतो ते पाहू. इंजिनाला गाडी पुढे ढकलताना फ्लायव्हीललाही वेग द्यावा लागतो, आणि गिअर जितका खालचा तितका तो जास्त झपाट्यानं द्यावा लागतो. म्हणून एकच फ्लायव्हील पहिल्या गिअरमध्ये फार जड वाटतं आणि पाचव्यात जाणवतही नाही. हिशोब सोपा आहे: गिअरचं गुणोत्तर गुणिले फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर, भागिले टायरची त्रिज्या मीटरमध्ये, या सगळ्याचा वर्ग, गुणिले जडपणा. उत्तर किलोत येतं.

समजा रिमजवळचे अडीच किलो गेले आणि जडपणा ०.०३ नं कमी झाला. पहिला गिअर ३.४१६, दुसरा १.८९४, तिसरा १.२८, चौथा ०.९१४, फायनल ४.१, टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर असं धरा (तुमच्या गिअरबॉक्सचे दात मोजून तुमचे आकडे घाला). पहिल्यात गाडी ७५ किलोंनी हलकी झाल्यासारखी पळते. दुसऱ्यात २३ किलो. तिसऱ्यात साडेदहा. चौथ्यात साडेपाच. पाचव्यात चारच्याही आत.

७५ ऐकून हुरळून जाऊ नका. पहिला गिअर शर्यतीत एकदाच पडतो, सुटताना. ड्रायव्हरसकट ८५० किलोच्या गाडीला दुसऱ्यातला फायदा सुमारे अडीच टक्के, तिसऱ्यातला एक टक्क्याच्या थोडा वर, चौथ्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुसऱ्या गिअरमध्ये सलग तीन सेकंद ओढत असाल तर त्यात सात शतांश सेकंद वाचतात. म्हणून ट्रॅक बघून ठरवायचं. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, आखूड, सारखा वळणारा. तिथे गाडी दुसऱ्या-तिसऱ्यातच घुटमळते आणि दर वळणानंतर पुन्हा वेग पकडावा लागतो. इरुंगाट्टुकोट्टईचा पूर्ण ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, तिथे चौथ्या-पाचव्यात ओढायला जागा मिळते. तेच फ्लायव्हील करीला जास्त कामाचं आणि चेन्नईला कमी. सरळ पट्ट्यावरच्या शेवटच्या वेगात तर काडीचाही फरक पडत नाही, कारण तिथे वेग वाढतच नसतो, सगळी ताकद हवेशी झगडण्यात जाते.

याच कारणानं डायनोच्या कागदावर विश्वास ठेवताना जपा. रोलर फिरवत वेग वाढवून ताकद मोजणाऱ्या डायनोवर हलक्या फ्लायव्हीलची गाडी थोडी जास्त हॉर्सपॉवर दाखवते. इंजिनानं एक कणही जास्त ताकद तयार केलेली नसते. फिरणाऱ्या भागांनी खाल्लेला वाटा कमी झालेला असतो, एवढंच.

माझ्या मते खरा फायदा वेग वाढवताना नाही, ब्रेक मारताना आहे. वळणाच्या आधी तुम्ही टाचेनं थ्रॉटलला टिचकी मारून गिअर खाली टाकता तेव्हा इंजिनाला ४,५०० वरून ६,२०० वर उडी मारायची असते. जड फ्लायव्हील असेल तर टिचकी मोठी लागते, पाय ब्रेकवरून किंचित हलतो, आणि जो ब्रेकचा दाब तुम्ही इतक्या मेहनतीनं सांभाळलेला असतो तो नेमका वळणाच्या तोंडाशी बिघडतो. हलक्या फ्लायव्हीलला नुसता स्पर्श पुरतो. टिचकी चुकली तरी क्लच जोडला जाताना चाकांना बसणारा हिसका कमी असतो, त्यामुळे पुढची चाकं लॉक होण्याची भीती कमी. गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगा जास्त टिकतात का असंही मला विचारतात. क्लच पूर्ण दाबलेला असताना फ्लायव्हील गिअरबॉक्सपासून सुटलेलं असतं, त्यामुळे सिंक्रोवर थेट परिणाम नाही. पण घाईत अर्धवट क्लचवर गिअर कोंबणाऱ्यांच्या रिंगा नक्की जास्त टिकतात, आणि शर्यतीत घाई सगळ्यांनाच असते.

आता मित्राच्या भीतीकडे येऊ, कारण ती खोटी नाही. उभ्या जागेवरून सुटताना फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाच गाडीला पहिला धक्का देते. क्रँक, क्लच आणि फ्लायव्हील मिळून जडपणा ०.१२ धरला तर ५,००० आरपीएमला साधारण साडेसोळा हजार जूल साठलेले असतात. ०.०९ वर आणला की तेवढ्याच आरपीएमला बारा हजारांच्या थोडे वर उरतात. तेवढीच पुंजी परत हवी असेल तर इंजिन ५,८०० च्या आसपास धरून क्लच सोडावा लागेल. म्हणजे गाडी बंद पडते ती ड्रायव्हर जुन्याच आरपीएमला सुटतो म्हणून. सरावाच्या दिवशी दहा-बारा वेळा सुटून बघा, पण दोन सुटण्यांमध्ये क्लचला गार व्हायला वेळ द्या. ती सवय बसते. पावसात मात्र वेगळं आहे. ओल्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना हलक्या फ्लायव्हीलचं इंजिन चटकन उसळतं आणि टायरला सावरायला सवड मिळत नाही. ज्यांच्या पायाला अजून अंदाज आलेला नाही अशा पहिल्या मोसमातल्या मुलांना मी कंपनीचंच फ्लायव्हील ठेवायला सांगतो, आणि उरलेले पैसे टायर आणि ट्रॅकवरच्या फेऱ्यांवर घालायला लावतो. तुम्ही तीन मोसम पळवलंय म्हणता, म्हणून तुम्हाला तसं सांगत नाही.

वरच्या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. फ्लायव्हीलचा जडपणा ०.०७ वरून ०.०४ वर आला, म्हणजे जवळजवळ निम्मा झाला, पण एकूण जडपणा ०.१२ वरून ०.०९ वरच आला. बाकीचा प्रेशर प्लेटमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि क्रँकमध्ये बसलाय. मोठ्या रेसिंगमध्ये नुसतं फ्लायव्हील हलकं करून थांबत नाहीत. क्लचचाच व्यास कमी करतात, १८४ मिलिमीटरचा, अगदी हलक्या गाड्यांत १४० चा, दोन प्लेटांचा. सगळं वजनच मध्याकडे सरकतं. पण तो क्लच अर्धवट दाबून चालवायचा नसतो, महाग असतो, आणि पिटमधून बाहेर पडताना रडवतो. क्लबच्या शर्यतीसाठी कंपनीच्या मापाचा, जरा कडक स्प्रिंगचा क्लच पुरे.

आता लेथचा मुद्दा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण यात तुमच्या पायांचा प्रश्न आहे.

कंपनीचं फ्लायव्हील ओतीव बिडाचं असतं. बीड दाबाला बळकट, ताणाला कच्चं. फिरताना कडेचा धातू बाहेर फेकला जायला बघतो आणि तो ताण आरपीएमच्या वर्गानं वाढतो: ६,००० वरून ८,००० वर गेलात तर पावणेदोन पटीच्याही वर. कंपनीनं ते तिच्या ठरवलेल्या आरपीएमसाठी, तेवढ्या जाडीसह ओतलेलं असतं. तुम्ही जाडी कमी करता, आरपीएम वाढवता, आणि वर क्लच घसरवून त्याचा पृष्ठभाग तापवता. गरम-गार होऊन आलेले निळे डाग आणि केसासारख्या चिरा तुम्ही पाहिल्याच असतील. प्रत्येक चीर म्हणजे फाटायला सुरुवात करून ठेवलेली जागा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका मुलाची गाडी आली. तक्रार एवढीच होती की सात हजारांच्या वर बारीक थरथर येते. फ्लायव्हील दुसरीकडे लेथवर उतरवून आणलेलं होतं, काम दिसायला अगदी सुबक, आरशासारखं. धुतलं, चिरा शोधायचा लाल डाय लावला, वीस मिनिटं मुरू दिला, पुसला आणि पांढरा डेव्हलपर मारला. दोन मिनिटांत पांढऱ्यावर एक लाल रेघ वर आली. क्रँकच्या एका बोल्टाच्या भोकातून निघून मागच्या पायरीच्या कोपऱ्यापर्यंत, चार सेंटिमीटरची. तो कोपरा टूलनं अगदी काटकोनात सोडला होता, जरासुद्धा गोलाई नव्हती. ताण तिथेच जमत गेला आणि भोकाकडून चीर त्याला येऊन मिळाली. मुलगा शेजारी उभा होता. मी त्याला काहीच बोललो नाही, नुसती रेघ दाखवली. बेलहाउसिंग, म्हणजे क्लच आणि फ्लायव्हीलवरचं आवरण, ड्रायव्हरच्या पायांच्या किती जवळ असतं हे त्यालाही माहीत होतं. फुटलेलं फ्लायव्हील ॲल्युमिनिअमचं बेलहाउसिंग आणि गाडीचा पातळ पत्रा दोन्ही कापून आत येतं. तिथे ते अडत नाही.

म्हणून बीड नको. अखंड स्टीलचं घ्या, ईएन २४ किंवा क्रोम-मॉली जातीच्या स्टीलचं. सोबत कोणत्या मालातून कापलंय त्याचा कागद मागा. परदेशातून मागवत असाल तर एसएफआय या अमेरिकेतल्या रेसिंग-सुरक्षा संस्थेचा १.१ चा शिक्का बघा; तो फ्लायव्हील आणि क्लचसाठीचा आहे. आतल्या प्रत्येक पायरीला गोलाई असावी, नख फिरवलं तर अडकू नये.

ॲल्युमिनिअम वाईट नाही. स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याचं वजन, उष्णता झटकन पसरवतं. पण त्यावर क्लच थेट घासू शकत नाही, म्हणून स्टीलची चकती स्क्रूनं बसवलेली असते. ॲल्युमिनिअम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तुमच्यासारख्या गाडीत, जी एकाच दिवशी सराव, पात्रता फेरी आणि दोन शर्यती पळते, ती चकती वाकते, स्क्रू सैल होतात, आणि हे कळायला दर वेळी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. स्टीलच्या आणि त्याच्या जडपणात जो फरक उरतो तो या कटकटीच्या मोलाचा नाही.

नियमांचं पुस्तक मात्र पैसे देण्याआधी वाचा. कारखान्यातून आली तशीच गाडी पळवण्याच्या गटांत मूळ फ्लायव्हीलच लागतं. एफआयए या जागतिक संघटनेच्या ग्रुप ए सारख्या गटांत मूळ फ्लायव्हील ओळखता येईल इतपतच बदल चालायचा, म्हणजे नवं स्टीलचं बसवणं तिथे नियमाबाहेर. तुमच्या गटाला एफएमएससीआयचे, म्हणजे भारतातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचे, यंदाचे नियम काय म्हणतात ते लेखी घ्या. ‘सगळेच लावतात’ हे तपासणीच्या टेबलावर कामाला येत नाही.

बसवतानाच्या गोष्टी पटापट सांगतो. बॅलन्सिंग आधी क्रँक आणि पुढची पुली, मग फ्लायव्हील, मग प्रेशर प्लेट, अशा क्रमानं करा आणि प्रत्येक वेळी खूण करून ठेवा, म्हणजे नंतर क्लच बदलला तरी बाकीचं पुन्हा करावं लागणार नाही. १० सेंटिमीटरवर फक्त १० ग्रॅम जास्त राहिले तर ७,००० आरपीएमला ते ५५ किलोच्या जोरानं क्रँकला बाहेर ओढतात, म्हणून ‘चालेल’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. पुढच्या पुलीत रबरी डॅम्पर असेल तर तो कधीही काढू नका. फ्लायव्हील हलकं झालं की क्रँकच्या पिळवटण्याचा ताल बदलतो, आणि तो आवरायला तोच एक भाग उरतो. रिंग गिअर, म्हणजे स्टार्टरसाठी दात असलेली कडेची कडी, तापवून बसवलेला असावा. तो कुठेही वेल्ड केलेला दिसला तर फ्लायव्हील परत करा. बोल्ट नवेच, टॉर्क रेंचनं, फुलीच्या क्रमानं. क्रँकचं मागचं ऑइल सील आत्ताच बदला, नंतर एवढ्याशा सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. डायल गेज लावून फ्लायव्हीलचा पृष्ठभाग फिरवून बघा. दहा शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त डगमगत असेल तर क्रँकच्या तोंडावर कचरा अडकलाय. आयडल १,००० ते १,१०० वर नेऊन ठेवा, नाहीतर पिटमध्ये गाडी हुंदके देत राहील. आणि तुमच्या इंजिनाचा सेन्सर फ्लायव्हीलच्या दातांवरून किंवा खाचांवरून वाचत असेल तर नव्यावर त्या खाचा अगदी त्याच अंशावर आहेत ना, हे दोन्ही एकावर एक ठेवून तपासा.

जुनं फ्लायव्हील टाकू नका. काढाल तेव्हा त्याला ग्रीस चोळा, मेणकागदात गुंडाळा आणि आडवं ठेवा, उभं टेकवून नको. चेन्नईला पावसाची शक्यता असेल, किंवा पुढच्या मोसमात मूळ भागांच्या गटात उतरावंसं वाटलं, तर तेच परत लागेल. त्याचे मूळ बोल्टही त्याच पुडक्यात बांधा, मापाला म्हणून. स्टीलच्या फ्लायव्हीलचे बोल्ट बहुधा लांबीला वेगळे असतात आणि रात्री साडेअकराला पिटमध्ये ते एकसारखेच दिसतात.